अनुमोदकाची रिकामी खुर्ची

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे ‘जनतेचा शत्रू’ हे नाटक १८८२ साली प्रसिद्ध झाले. सत्यासाठी सर्व गावाशी एकट्याने झुंजणारा त्याचा नायक डॉक्टर स्टॉकमन याच्याविषयी आजवर पुष्कळ गौरवाने लिहिले गेले आहे. तो गौरव रास्तच आहे. परंतु लहान गावाच्या नगरसभेत सदस्य म्हणून बसणाऱ्या माणसाच्या बाजूने हे नाटक वाचले तर काय दिसते, ते येथे पाहण्याचा आमचा विचार आहे.

कथानक साधे आहे. समुद्रकाठच्या एका लहान गावात आरोग्यस्नानगृहे बांधली गेली आहेत आणि त्यांच्यामुळे गावाला बरे दिवस येऊ लागले आहेत. वरच्या अंगाच्या चामड्याच्या कारखान्यांची घाण त्या पाण्यात उतरते, हे डॉक्टर तपासणी करवून सिद्ध करतात. नळ नव्याने टाकावयाचे तर खर्च दोनेक लाख क्रोनर आणि काळ निदान दोन वर्षे. डॉक्टरांचे थोरले बंधू पेटर हे गावचे मुख्य अधिकारी, पोलीसप्रमुख आणि स्नानगृहांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते अहवाल दडपतात. हा खर्च गावाच्या माथी बसेल, असे त्यांच्याकडून कळताच कालपर्यंत डॉक्टरांची पाठ थोपटणारे संपादक हॉव्स्टाड आणि मुद्रक आस्लाक्सेन तत्काळ तोंड फिरवतात. अखेर भरसभेत डॉक्टरांस जनतेचा शत्रू ठरविले जाते.

पेटर स्टॉकमन यांचे प्रश्न मात्र खोटे नव्हेत, हे मान्य केले पाहिजे. पैसा कोठून आणावयाचा, दोन वर्षे गावाने काय खावयाचे, शेजारची गावे गिऱ्हाईक पळवतील त्याचे काय? नगरसभेत बसणाऱ्या कोणत्याही सदस्याला हे विचारावेच लागतात. पेटर यांचा अपराध खर्च मोजण्यात नाही. आजारी पडणाऱ्या माणसांना त्यांनी त्या हिशेबात धरले नाही आणि हिशेब लोकांपुढे मांडू दिला नाही, हा त्यांचा अपराध आहे. काटकसर आणि लपवाछपवी यांतील ही सीमारेषा इब्सेनने अचूक दाखविली आहे.

चौथ्या अंकातील सभेत डॉक्टरांना पाण्याविषयी बोलू दिले जात नाही, हा अन्याय उघड आहे. पण मग डॉक्टर काय करतात? ते पाण्याचा विषय सोडून बहुमतावरच तुटून पडतात. शहाणे थोडे असतात आणि मूर्ख फार, असे ज्यांना सांगावयाचे त्यांच्याच मतांवर नळांचे भवितव्य अवलंबून होते. सर्वांत एकाकी उभा राहणारा माणूसच सर्वांत बलवान, हा नाटकाचा शेवटचा निष्कर्ष रंगमंचावर भव्य वाटतो. सभागृहात तो टिकत नाही. ठराव एकट्याला मांडता येतो. पण त्याला अनुमोदक लागतो, आणि तो संमत व्हावयाचा तर आणखी हात वर व्हावे लागतात. एकाकी माणूस गावाची सदसद्विवेकबुद्धी जागी करील; नळ बदलणे त्याच्या एकट्याच्या हातचे नाही.

मग हा अनुमोदक नाटकात कोठे आहे? नॉर्वेमध्ये १८३७ च्या कायद्याने निर्वाचित स्थानिक स्वराज्य आले होते. तरीही सभेत बसून प्रामाणिकपणे मत देणारा एकही सदस्य या नाटकात ठसठशीतपणे उभा राहत नाही. नगरसभेतून घालविल्याचा राग मनात धरून बसलेले मॉर्टन कील दिसतात; पण घाण सोडणाऱ्यांत त्यांचाच कारखाना अग्रभागी! या प्रकरणात नितळ अशी दोन माणसे आहेत. एक डॉक्टरांची कन्या पेट्रा. ती शिक्षिका आहे, निर्भय आहे; परंतु नॉर्वेतील स्त्रियांना नगरसभेसाठी मताधिकार मिळाला तो १९०१ साली, आणि तोही अटींवर. दुसरे कप्तान हॉर्स्टर. डॉक्टरांच्या सभेसाठी स्वतःचे घर देणारा हा भला माणूस. मात्र पहिल्याच अंकात निवडणुकीचा विषय निघतो तेव्हा, आपल्याला त्यातले काही कळत नाही, असे सांगून ते बाजूला होतात.

टीकाकारांनी हॉर्स्टर यांच्या त्या उत्तराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आमच्या मते नाटकाचे दुःख तेथेच सुरू होते. पेट्राची खुर्ची कायद्याने रिकामी ठेवली. हॉर्स्टर यांची खुर्ची त्यांच्या सज्जनपणाने रिकामी राहिली. मग तेथे आस्लाक्सेन यांच्यासारखे लोक बसतात, ज्यांना नेमस्तपणा आणि भित्रेपणा यांत अंतरच दिसत नाही.

सत्यजित राय यांनी १९८९ च्या ‘गणशत्रू’ या बंगाली चित्रपटात स्नानगृहांच्या जागी देवळाचे तीर्थ आणले, आणि शेवटी डॉक्टरांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या तरुणांचा घोष ऐकविला. काहींना हा शेवट भाबडा वाटला. आम्हांस मात्र तो मूळ नाटकावरील मार्मिक टीका वाटतो. डॉक्टरांना रायनी अनुमोदक मिळवून दिला.

आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही आहेत. प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरती आहे. म्हणजे लहान गावात गटाराची तक्रार सभागृहापर्यंत नेणारा दुवा बहुधा तो एक सदस्यच. स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. पेट्राची खुर्ची कायद्याने तिला परत दिली आहे.

हॉर्स्टर यांची खुर्ची भरणे कोणत्याही कायद्याला जमणारे नाही. ‘राजकारण आपले काम नव्हे’ असे आपल्या शिकलेल्या मुलामुलींना सांगणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. तीच घरे गढूळ पाण्याबद्दल सर्वांत मोठ्याने बोलतात. नाटक पाहताना ती डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवतील. इब्सेनचे हे नाटक त्यांनी अवश्य वाचावे; आणि वाचताना डॉक्टरांबरोबरच, चांगुलपणाने भरलेल्या आणि मतदानापासून दूर राहिलेल्या त्या कप्तानाकडेही नीट पाहावे.