मोजक्या रेषांचे हरीण

संगणकावर आठ-दहा रेषांत काढलेला प्राणी हा आजच्या मुद्राचित्रांतील एक परिचित विषय झाला आहे. जाड, एकसारखी बाह्यरेषा आणि आत सपाट रंग, एवढाच त्याचा संसार. या शैलीतील अग्रगण्य नाव लंडनचे चित्रकार ज्युलियन ओपी (जन्म १९५८) यांचे. छायाचित्र संगणकावर घेऊन ते त्याची आकृती गिरवतात, अनावश्यक वाटेल ते गाळतात आणि त्यावरून स्क्रीन प्रिंट काढले जातात. रस्त्यावरील सूचनाफलकांची ही भाषा त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारली आहे. त्यांची मेंढी, गाय वा हरीण दुरूनही ओळखू येते. हे यश लहान नव्हे. तथापि, गाळले ते खरोखरच अनावश्यक होते काय, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९४५-४६ च्या हिवाळ्यात पिकासोने पॅरिसमध्ये एका बैलाच्या ११ अवस्था शिळाछापात उतरविल्या. आरंभी त्याने बैलाला अधिक वजनदार केले. मग मांस, सांधे, छायाप्रकाश एकेक वजा करीत अखेरीस काही रेषाच ठेवल्या. त्या रेषांना आधीच्या दहा बैलांचा आधार आहे. संगणकावरील पुष्कळशी चित्रे मात्र अकराव्या बैलापासूनच आरंभ करतात.

आपल्या परिसरातील उदाहरण जनगढसिंह श्याम यांचे. तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील पाटनगढचा हा गोंड कलावंत १९८२ मध्ये सुरू झालेल्या भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे आला, तेथे स्क्रीन प्रिंट शिकला आणि २००१ मध्ये जपानमध्ये निवर्तला. त्याचेही प्राणी सपाट आहेत. खोली, छाया तेथेही नाही. परंतु आकृतीच्या आत ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या ओळी आहेत, आणि त्यांमुळे जनावराच्या अंगावर कातडी आहे असे वाटते. म्हणजे दोष सपाटपणाचाही नाही आणि यंत्राचाही नाही. काय राखायचे हे कोण ठरवितो, यावर सारे अवलंबून आहे.

बालाघाट-मंडल्यात पसरलेल्या कान्ह्याचा बारसिंगा घ्या. १९७० मध्ये तेथे ६६ बारसिंगे उरले होते. पुढे जतनामुळे त्यांची संख्या वाढली. तराईच्या दलदलीतील बारसिंग्याचे खूर फाकलेले असतात. आपल्याकडचा कठीण जमिनीवर वावरतो, म्हणून त्याचे खूर घट्ट व टणक. मोजक्या रेषांच्या चित्रात पहिल्यांदा गळतात ते खूरच. पाय म्हणून दोन उभ्या रेघा उरतात, शिंगांच्या जागी एक फांदी, आणि चित्र कुठल्याही देशातील कुठल्याही हरणाचे होते. जो प्राणी एकदा नाहीसा होता होता वाचला, त्याच्या चित्राकडून आपली अपेक्षा याहून अधिक असावी. रेषा चारच असोत. त्यांतील एक तरी खुरासाठी राखलेली असावी.