विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातील प्रश्नरचना : एक चिकित्सा

प्रस्तावना

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित मूल्यांकन चौकटीत ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ या ऑनलाइन सर्वेक्षणाचा समावेश केला. त्यात एकूण २१ प्रश्न होते. पहिल्या २० प्रश्नांना प्रत्येकी पाच पर्याय व त्यांना ४ ते ० असे गुण होते. शेवटचा प्रश्न मुक्तोत्तरी होता. अध्यापनाविषयी विद्यार्थ्यालाच विचारावे, ही भूमिका स्वागतार्ह होती. पुढे मूल्यांकनपद्धतीत बदल होत गेले, तरी महाविद्यालयांच्या अंतर्गत अभिप्राय-फॉर्मवर या प्रश्नावलीची छाप दिसते. म्हणून तिच्या प्रश्नरचनेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

एका प्रश्नात अनेक प्रश्न

इंटर्नशिप, विद्यार्थी-आदानप्रदान व क्षेत्रभेटी यांना संस्था उत्तेजन देते का, असा एक प्रश्न होता. ज्या महाविद्यालयात दरवर्षी क्षेत्रभेट होते, पण आदानप्रदान कधीच होत नाही, तेथील विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडावा? त्याने ‘कधीकधी’ निवडले, तर त्यातून नेमके कशाविषयी मत व्यक्त झाले, हे कळत नाही. दुसऱ्या एका प्रश्नात अध्यापन व मार्गदर्शन या दोन प्रक्रियांमुळे बौद्धिक, सामाजिक व भावनिक विकास होतो का, असे विचारले होते. वस्तुतः हे सहा प्रश्न आहेत. उत्तराची जागा मात्र एकच आहे.

पर्यायांचा तोल

शिक्षकांच्या अध्यापनपद्धतीसाठी उत्कृष्ट, अतिशय चांगली, चांगली, बरी व वाईट असे पर्याय होते. यांत प्रशंसेचे तीन आणि नापसंतीचा स्पष्ट असा एकच. संवादकौशल्याच्या प्रश्नात ‘कधीकधी परिणामकारक’ या उत्तराला ४ पैकी ३ गुण मिळत. म्हणजे एरवी संवाद साधत नाही, या तक्रारीचेही चांगल्या गुणांत रूपांतर होई. अध्यापनाच्या पूर्वतयारीविषयीच्या पर्यायांत तर तयारीचा दर्जा आणि शिक्षकाची बेफिकिरी या भिन्न गोष्टी एकाच श्रेणीत एकीखाली एक मांडल्या होत्या. याशिवाय, अध्यापन-अध्ययनाचा एकूण दर्जा ‘अतिशय चांगला आहे’ असे आधीच विधान करून त्यावर सहमती विचारण्यात आली होती. अशा मांडणीत सहमतीकडे ओढा निर्माण होतो.

शब्दयोजनेने उत्तर बदलते, हे जुनेच निरीक्षण आहे. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे विचारता ६२ टक्क्यांनी नकार दिला. ‘बंदी घालावी का’ असे विचारता बंदीच्या बाजूने ४६ टक्केच उत्तरे आली. माध्यम ऑनलाइन झाल्याने हा दोष दूर होत नाही. उलट, प्रत्येक प्रश्न अनिवार्य केलेल्या फॉर्ममध्ये, ज्याला उत्तर ठाऊक नाही त्यालाही काही तरी निवडावेच लागते.

मराठी फॉर्मची विशेष अडचण

असे प्रश्न मराठीत आणताना आणखी एक अडचण उद्भवते. ‘शिक्षक विषय समजावून सांगतात का?’ या वाक्यात ‘शिक्षक’ शब्द एकवचनी की अनेकवचनी, हे कळत नाही; कारण आदरार्थी क्रियापदही अनेकवचनीच असते. एक विद्यार्थी आवडत्या सरांना डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतो, तर दुसरा सर्वांची मनोमन सरासरी काढतो. दोघांची उत्तरे एकत्र मोजली की इतिहासाचा तास समजतो, पण अर्थशास्त्राचा समजत नाही, ही उपयुक्त माहिती सरासरीत विरून जाते. यात मेहनती शिक्षकावर अन्याय होतो आणि ज्याला खरोखर काही सांगायचे आहे, त्या विद्यार्थ्यावरही.

समारोप

याच प्रश्नावलीत चांगला नमुनाही आहे. स्वाध्यायांतील तुमच्या कामगिरीविषयी तुमच्याशी चर्चा झाली का, हा प्रश्न एकाच घटनेविषयी व विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अनुभवाविषयी असून त्याचे पर्याय ‘प्रत्येक वेळी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सलग उतरतात. त्याला विषयाचे नाव व सत्र यांची जोड दिली, तर उत्तरावरून कोणी काय सुधारावे हे ठरविता येईल.

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने फॉर्म प्रसृत करण्यापूर्वी वेगवेगळ्या शाखांच्या आठ-दहा विद्यार्थ्यांकडून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घ्यावा व ‘यातून तुम्हाला काय विचारले आहे?’ एवढेच विचारावे. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील, तर तो प्रश्न पुन्हा लिहावा. त्याचबरोबर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवावा व त्याला गुण देऊ नयेत. ज्या उत्तरांवर शिक्षकाचे मूल्यमापन अवलंबून असते, त्यांच्या प्रश्नांवर प्रश्नपत्रिकेइतके तरी कष्ट घेतले गेले पाहिजेत.