भिवंडीची वाहतूक आणि समन्यायाचे माप

नगर-वाहतुकीची एखादी योजना समन्यायी आहे की नाही, हे तिच्या प्रस्तावनेवरून ठरवू नये. तिच्यात कोणते काम आधी घेतले आहे, यावरून ठरवावे. रस्त्यावरील जागेची वाटणी वाहने नव्हे तर माणसे लक्षात घेऊन व्हावी, हे तत्त्व भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्टपणे मांडलेले आहे. तत्त्वाविषयी वाद नाहीच. भिवंडीस ते लावून पाहिले म्हणजे मात्र अडचण ध्यानात येते.

२०११ च्या जनगणनेत सुमारे सात लाख वस्ती नोंदलेले हे शहर यंत्रमागांचे. येथील माग-कामगार बहुधा कारखान्याच्या आसपास राहतो, बारा तासांची पाळी करतो आणि पायीच जातो-येतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. तेव्हा वाटेत मोडलेला वेळ त्याच्याच पदरी पडतो. वाट तरी कोणती? सुताचे टेम्पो, सहा आसनी समजून भरलेल्या रिक्षा आणि काल्हेर, राहनाळ, माणकोली येथील गोदामांकडे जाणारे अवजड ट्रक यांच्यामधून उरेल ती.

ठाणे–भिवंडी–कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. भिवंडी रोड स्थानक वसई–दिवा मार्गावर असल्याने मुंबईशी या शहराचा रेल्वेसंबंध आडवळणाचाच राहिला आहे. तथापि पहिला टप्पा धामणकर नाक्यापाशी थांबतो. पुढील दाट वस्तीत घरे-दुकाने पाडावी लागू नयेत म्हणून मार्ग भुयारी करण्याचे ठरले. हा निर्णय, आमच्या मते, न्याय्यच होय. आक्षेप आहे तो निराळा: भुयार होईपर्यंत वरच्या रस्त्याचे काय, याचे उत्तर कोणाकडे मागावे?

शहरहद्दीतील पदपथ महानगरपालिकेचे. भोवतालच्या अधिसूचित गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. गोदामाला परवानगी एका हद्दीत मिळते, कोंडी दुसऱ्या हद्दीत होते. ट्रकतळ गावांच्या बाजूस झाल्यावाचून नाक्यावरचा पदपथ मोकळा राहणार नाही, आणि दोन्ही कामे एकाच वेळापत्रकात बसविण्याची सक्ती कोणावरही नाही. स्थानकाच्या जिन्यापासून कारखान्याच्या दारापर्यंतचा दिवाबत्तीसह अखंड पदपथ हा मेट्रोच्याच खर्चाचा भाग धरावा, आणि तो स्थानक उघडण्यापूर्वी पुरा व्हावा. रात्रपाळी सुटते तेव्हा त्याच वाटेने कामगार घरी जातात.