नव्या संकेतस्थळाची घाई आणि नाशिकची साक्ष

केंद्र सरकारच्या आयकर खात्यानें दि. ७ जून २०२१ रोजीं विवरणपत्रें स्वीकारण्याचें आपलें संकेतस्थळ नव्या रूपांत लोकांपुढें ठेविलें. ह्या गोष्टीस आतां कांहीं वर्षें लोटलीं असून त्या वेळच्या तक्रारींचा धुरळाही खालीं बसला आहे. सबब तिचें शांतपणें परीक्षण करण्यास हा काळ योग्य आहे. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत करभरणीच्या संकेतस्थळाची चर्चा कशाला, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, हें संकेतस्थळ म्हणजे कोट्यवधि लोकांचें दप्तर आहे, आणि दप्तराचें रूप बदलतांना काय सांभाळावें हा प्रश्न आमच्या अभ्यासाच्या अगदीं आंतला आहे. शिवाय ह्या प्रश्नावर नाशिक प्रांतांतील साधनें दोन्ही बाजूंनीं साक्ष देतात. ती साक्ष वाचकांपुढें मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हकीकत पाहूं. संकेतस्थळाचें काम इन्फोसिस ह्या कंपनीकडे सोंपविलें होतें. जानेवारी २०१९ मध्यें मंत्रिमंडळानें ह्या योजनेस सुमारें ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले. विवरणपत्राच्या छाननीस लागणारे ६३ दिवस एका दिवसावर आणणें हा उद्देश सांगण्यांत आला. तो स्तुत्य होता, याबद्दल वाद नाहीं. दि. १ ते ६ जून २०२१ पर्यंत जुनें संकेतस्थळ बंद ठेवून ७ जून रोजीं नवें उघडलें. दुसऱ्याच दिवशीं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस सदर कंपनीस व तिचे एक संस्थापक नंदन निलेकणी यांस उद्देशून जाहीर तक्रार करावी लागली. २२ जून रोजीं अर्थखात्यानें कंपनीच्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली. ७०० हून अधिक ई-पत्रांतून २,००० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, व त्यांतून निरनिराळे असे ९० दोष निघाले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस संकेतस्थळ पुनः बंद पडलें. तेव्हां २३ ऑगस्ट रोजीं कंपनीचे मुख्याधिकारी सलील पारेख यांस पाचारण करण्यांत आलें व १५ सप्टेंबरपर्यंत सर्व दोष दूर करावे असें त्यांस बजावण्यांत आलें. विवरणपत्रें भरण्याची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली.

आतां ह्या दोषांचें स्वरूप पाहावें. अनेक दालनांवर ‘लवकरच येत आहे’ अशा अर्थाची पाटी होती. म्हणजे घराचें वास्तुपूजन झालें, परंतु कांहीं खोल्यांस अद्याप दारें नव्हतीं. कित्येकांस पूर्वीं भरलेलीं आपलीं विवरणपत्रें दिसेनात. व्याज व विलंबशुल्क यांची आकारणी कांहीं विवरणपत्रांत चुकली. ही चूक १ ऑगस्ट रोजीं दुरुस्त केल्याचें खात्यानेंच मागाहून जाहीर केलें. परदेशीं पैसे पाठविणारांस लागणारे १५ सीए व १५ सीबी हे नमुने कांहीं काळ कागदावर भरून पेढ्यांकडे देण्याची मुभा द्यावी लागली. यांपैकीं दुसरा दोष दप्तराच्या अभ्यासकास सर्वांत गंभीर वाटला पाहिजे. नवा कागद घेतां येत नाहीं ही गैरसोय होय. जुना कागद दाखवितां येत नाहीं, ही दप्तराच्या विश्वासाचीच हानि होय. ज्यास कर्जासाठीं किंवा परवान्यासाठीं मागील विवरणपत्र दाखवावयाचें होतें, त्याची बाजू त्या दिवशीं कोणत्या आधारावर उभी राहणार?

येथें पूर्वपक्ष असा येतो कीं, कोणतेंही नवें यंत्र प्रारंभीं अडखळावयाचेंच; लाखों लोक एकदम आल्याशिवाय त्याचे खरे दोष कळत नाहींत; आणि हा अनुभव एकट्या आपल्या देशाचा नाहीं. अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१३ रोजीं आरोग्यविम्याचें सरकारी संकेतस्थळ उघडलें, तेव्हां पहिल्या दिवशीं अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली, असें तेथील सरकारी टिपणांवरूनच बाहेर आलें. आयकर संकेतस्थळाच्या बाजूनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत त्यावर सुमारें ५ कोटी ८९ लक्ष विवरणपत्रें दाखल झालीं व एकट्या शेवटच्या दिवशीं ४६ लक्षांहून अधिक आलीं. यंत्र अखेरीस चाललें, हें मान्य करणें न्यायाचें आहे.

तथापि ह्या पूर्वपक्षानें मूळ आक्षेपास उत्तर मिळत नाहीं. दोष राहिले हा आक्षेपच नव्हे. जुनें दालन नव्याची पारख होण्यापूर्वीं बंद केलें, आणि ज्यांस नकार देण्याची सोय नाहीं अशा लोकांवर पहिली पारख केली, हा आक्षेप आहे. दुकानदारानें आपल्या दुकानाची मांडणी फसविली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें. कर भरणारास शेजारचें दुकान नाहीं. त्यास मुदत आहे, दंड आहे आणि दरवाजा एकच आहे. अशा दरवाजाची चौकट बदलतांना जुना दरवाजा कांहीं दिवस उघडा ठेवणें हें कर्तव्य होय. त्यास उपकार म्हणतां येणार नाहीं.

जुनें चालू ठेवून नवें आणतां येतें काय? ह्या प्रश्नावर नाशिकची पहिली साक्ष जोगळटेंभीची. नाशिक जिल्ह्यांतील ह्या गांवीं १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. रे. एच्. आर. स्कॉट यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. सांठ्यांत १३,००० हून अधिक नाणीं असून तीं सर्व मूळचीं क्षहरात नहपानाचीं. पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला. एका बाजूस चैत्य व राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालीं नहपानाचा मुखवटा व ग्रीक अक्षरांचे अवशेष स्पष्ट दिसतात. राज्य बदललें, मुद्रा बदलली. चांदीचा तुकडा मात्र तोच राहिला, आणि त्यामुळें तराजू बदलण्याचें कारण पडलें नाहीं. विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, न छापलेलीं हजारों नाणीं छापलेल्यांच्या शेजारींच एका सांठ्यांत होतीं. सांठा करणाराच्या दृष्टीनें दोहोंसही मोल होतें, एवढें अनुमान काढण्यास हरकत दिसत नाहीं. पराभूत राजाचें नाणें मोडीत काढण्यास विजेत्यास पुरेसें राजकीय कारण होतें. तरीही जुन्यावरच नवें बसविण्याची ही पद्धत त्यानें पत्करली.

दुसरी साक्ष उलट बाजूची, आणि तीही नाशिकचीच. १९२८ सालापासून येथें चलनी नोटा छापल्या जातात. दि. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १,००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर जी ५०० रुपयांची नवी नोट निघाली, ती नाशिकच्या मुद्रणालयांतही छापली गेली. जुनी नोट ७३ × १६७ मिलिमीटर होती. नवी ६६ × १५० मिलिमीटर झाली. परंतु नोटा देणारीं देशभरचीं सुमारें दोन लक्ष एटीएम यंत्रें जुन्या मापाचीं होतीं. तीं नव्या मापास जुळविण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें १४ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे घोषणेनंतर सहा दिवसांनीं, डेप्युटी गव्हर्नर एस्. एस्. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखालीं कार्यदल नेमलें. गुप्ततेसाठीं यंत्रें आगाऊ जुळवितां आलीं नाहींत, असें अर्थमंत्री अरुण जेटली यांनीं सांगितलें. हें कारण पोकळ नाहीं. परंतु गुप्तता राखावयाची तर माप कायम ठेवून केवळ मुद्रा बदलण्याचा मार्ग मोकळा होता. जोगळटेंभीच्या नाण्यांत तो दोन हजार वर्षांपूर्वींच्या लोकांनीं दाखविला आहे. त्याच महिन्यांत ५०० च्या कांहीं नव्या नोटांत छपाईचे भेद आढळले, तेव्हां घाईमुळें तसें झालें असावें असें रिझर्व्ह बँकेच्या वतीनें सांगण्यांत आलें. ह्या सदोष नोटा संग्राहक आतां आवडीनें जमवितात. परंतु त्या महिन्यांत त्या ज्यांच्या हातीं पडल्या, त्यांस त्या खोट्या तर नाहींत ना, हीच धास्ती होती.

ह्या दोन साक्षींवरून संकेतस्थळाचा न्याय करतां येतो. रूप बदलण्यास कोणाची ना नाहीं. तें काळाप्रमाणें बदलणारच. परंतु लोकांचा व्यवहार ज्या मापावर चालतो तें माप रूपाबरोबर बदलावयाचें असेल, तर आधीं तराजू तपासला पाहिजे. आयकर संकेतस्थळांत रूप, माप व दरवाजा हीं तिन्ही एकाच रात्रीं बदललीं. हा दोष कारागिरांच्या कौशल्याचा म्हणण्यापेक्षां अनुक्रमाचा आहे, आणि अनुक्रम ठरविण्याची जबाबदारी काम करणाराइतकीच काम सांगणाराचीही असते.

हा निर्णय आम्हां संग्राहकांवरही उलटतो, म्हणून त्याचा विस्तार करणें अवश्य आहे. पोथ्यांच्या व दप्तरांच्या याद्या आज ठिकठिकाणीं संकेतस्थळांवर चढत आहेत. समारंभाची तारीख आधीं ठरते व यादी मागाहून तपासली जाते, असें येथेंही घडण्याचा संभव आहे. तसें होऊं नये म्हणून चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली, छापील यादींतील रुमालाचा व पोथीचा जुना क्रमांक नव्या यादींत कायम असावा. गेल्या शंभर वर्षांच्या लेखांतील आधार त्याच क्रमांकांवर उभे आहेत. दुसरी, नवी यादी निर्दोष ठरेपर्यंत जुनी वापरांतून काढूं नये. तिसरी, ज्यानें यादी रचली त्यानेंच ती तपासूं नये. एखादा नवखा विद्यार्थी व एखादा मोडीचा जाणता वृद्ध, अशा दोघांकडून ती चालवून पाहावी. चौथी, परीक्षेस सोपीं उदाहरणें न घेतां अडचणीचीं घ्यावीं. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८ शके १६८२ चा, म्हणजे १४ जानेवारी १७६१ चा. जें यंत्र शकांत डोळे मिटून ७८ मिळवील, तें त्या दिवसाचें पत्र १७६० सालांत टाकील, आणि १७६१ चीं पत्रें शोधणारास तें कधींच दिसणार नाहीं. सुहूर सनाच्या अरबी अंकांची व एकाच नांवाच्या चार लेखनपद्धतींची अडचण याहून मोठी. अशीं पन्नास उदाहरणें निवडून यादीस घातलीं, तर महिन्याभरांत तिची खरी योग्यता कळेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याच्या दानाचा लेख आहे. त्यानें ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले; २,००० दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि १,००० पाऊण व्याजानें. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदलें, असें तो लेख सांगतो. ठेव कोणाकडे, व्याज किती व नोंद कोठें, इतकें सर्व त्यांत असल्यामुळेंच तो लेख आजही हिशेबाचा कागद म्हणून वाचतां येतो. नव्या दप्तराचें उद्घाटन करणारांनीं आपल्याही नोंदींची अशी जाहीर वाचणी आधीं करावी व पडदा मागाहून दूर करावा.