हॉवर्थचे लोक खरंच रानटी होते का?

एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ मध्ये लिहिलेलं शार्लट ब्राँटीचं चरित्र वाचताना १८१९ चा प्रसंग नीट बघा. यॉर्कशरमधलं हॉवर्थ ही चॅपेलरी होती, म्हणजे ब्रॅडफर्डच्या मोठ्या पॅरिशमधलं, स्वतःचं चर्च असलेलं उपक्षेत्र. ब्रॅडफर्डच्या व्हिकरने परस्पर नेमलेल्या रेडहेड या पाद्र्याला गावकऱ्यांनी चर्चमध्येच गोंधळ घालून हुसकावलं. गॅस्केलला यात गावाचा रांगडा स्वभाव दिसतो. पण नेमणुकीत स्थानिक विश्वस्तांचाही हक्क होता, हे तीच सांगते. पाद्र्याच्या पगाराच्या नाड्या त्यांच्या हातात होत्या! म्हणजे भांडण हक्काचं होतं. १८२० मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने पॅट्रिक ब्राँटी आले.

तेव्हा लेखिकेने दिलेली माहिती आणि तिने लावलेला अर्थ वेगळे ठेवा. नाहीतर तिचं मत तुमच्या प्रबंधात पुरावा म्हणून शिरेल.