नामदेवांची दोन रूपे : एकात्मतेच्या संकल्पनेचा पुनर्विचार

राष्ट्रीय एकात्मतेच्या समर्थनार्थ मराठी समीक्षेत संत नामदेवांचा दाखला वारंवार दिला जातो. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान हे त्यांच्या स्मृतीचे पवित्र स्थान असून २०१५ मध्ये तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. मात्र यावरून महाराष्ट्राने पंजाबला भक्तीचा संदेश दिला, एवढाच निष्कर्ष काढला जातो, तेव्हा एक प्रांत दाता आणि दुसरा केवळ ग्राहक ठरतो. एकात्मतेची ही कल्पना मुळातच विषम आहे.

दोन्ही परंपरांतील नामदेव शेजारी ठेवून वाचल्यास निराळे चित्र दिसते. मराठी गाथेतील नामदेव विठ्ठलाशी लडिवाळपणे भांडतात. पंढरपूर, चंद्रभागा आणि संतमेळा हा त्या अभंगांचा सजीव परिसर आहे. आदिग्रंथातही विठ्ठलाचे नाव येते, देवाने दूध प्राशन केल्याची आणि देऊळ फिरल्याची कथाही येते. त्यामुळे सगुण नामदेव पंजाबात निर्गुण झाले, हे सुलभ विधान अपुरे पडते. बदलतो तो प्रामुख्याने संदर्भ. तेथे ही पदे रागानुसार लावलेली असून गुरूंच्या वाणीसोबत, कबीर व रविदास यांच्या सान्निध्यात वाचली व गायिली जातात. परिणामी विठ्ठल हे नाव एका क्षेत्राच्या दैवताचे न राहता सर्वव्यापी तत्त्वाचे वाचक बनते.

हा भेद श्रद्धेच्या आचारातही प्रकटतो. पंढरपुरात नामदेव महाद्वाराच्या पायरीशी, भक्तांच्या चरणधुळीचे अभिलाषी म्हणून आहेत. गुरुद्वारात त्यांची वाणी ज्या ग्रंथाचा भाग आहे, त्या ग्रंथालाच गुरू मानून मस्तक नमवले जाते. यांपैकी एक रूप मूळ आणि दुसरे अनुकरण, अशी प्रतवारी करता येत नाही.

गाथेतील आणि आदिग्रंथातील रचनांचे कर्तृत्व एकाच व्यक्तीचे आहे काय, हा प्रश्न संशोधनात महत्त्वाचा आहेच. तथापि, त्याचे उत्तर काहीही असले तरी पंजाबने शतकानुशतके घडवलेला नामदेव त्यामुळे असत्य ठरत नाही. स्वीकार ही निर्मितीचीच क्रिया आहे, हे मान्य केले तर मराठी अभ्यासकाला गुरुमुखी परंपरेकडे आपल्या संतकवीच्या प्रभावाची नोंदवही म्हणून पाहता येणार नाही. नामदेवांविषयी स्वतंत्रपणे बोलणारी अधिकारी परंपरा म्हणून तिचे ऐकावे लागेल. बहुभाषिक समाजातील ऐक्याला हे परस्परांचे ऐकणेच आधार देऊ शकते.