‘संस्कार’ : साथीनंतरचे वाचन

२०२० व २०२१ या वर्षांतील महासाथीच्या काळात साथरोगांवरील जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या गेल्या, त्या बहुधा भविष्यवाणी म्हणून. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) ही कन्नड कादंबरी अशा वाचनाला सहजासहजी वश होत नाही. तिच्यात प्लेग आहे. परंतु ती प्लेगची कादंबरी नव्हे.

दुर्वासपुराच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. तो आचारभ्रष्ट खरा, पण त्याला बहिष्कृत केलेले नसल्यामुळे त्याचे दहन कोणी करावयाचे हा पेच उभा राहतो. प्रेत पडून असेतो कोणास अन्न घेता येत नाही. प्राणेशाचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीपुढे कौल मागतात. इकडे उंदीर मरू लागतात, छपरांवर गिधाडे उतरतात. रोगाचे ज्ञान नसणे हा त्या ब्राह्मणांचा दोष मानता येणार नाही. लेखकही तो मानीत नाही. त्याचे लक्ष आहे ते विलंबावर. नारणप्पाची सहचरी चंद्री अंत्यविधीसाठी अंगावरील दागिने काढून देते, तेव्हा त्या सोन्याने पेच सुटण्याऐवजी लोभ तेवढा जागा होतो! अखेर एका मुसलमान मासेविक्रेत्याच्या साहाय्याने ती रात्री गुपचूप प्रेताला अग्नी देते आणि गाव सोडते.

हा प्रसंग कादंबरीत थोडक्यात उरकला आहे; विस्तार आहे तो आचार्यांच्या अंतर्द्वंद्वाला. समीक्षेनेही बव्हंशी त्याचाच मागोवा घेतला, आणि ते गैर नव्हते. परंतु २०२१ मध्ये देशात अनेक ठिकाणी आप्तांना प्रेताजवळ जाता आले नाही, काहींनी जाणे टाळले, आणि अग्नी परक्यांनी दिला, प्रसंगी परधर्मीयांनी. त्यानंतरच्या वाचकाला चंद्रीची ती रात्र ओलांडून पुढे जाणे कठीण होते. संहिता तीच आहे. तिचा गुरुत्वमध्य मात्र सरकला आहे. प्रचलित घटनेने कलाकृतीवर टाकलेला हा प्रकाश कलाकृतीने घटनेवर टाकलेल्या प्रकाशाहून कमी मोलाचा नाही.

तरीही चंद्रीला नायिकापद देऊन समाधान मानणे म्हणजे कादंबरी सौम्य करून घेणे होय. अनंतमूर्ती तिचा गौरव करीत नाहीत. त्यांची दृष्टी अधिक कठोर आहे : प्रेत जळून गेले तरी वाद चालूच राहतो. आचार्यांना त्या दहनाची वार्ताही नसते. पेच मनात तसाच बाळगून ते अखेरीस गाडीत बसून दुर्वासपुराच्या वाटेला लागतात.